मरीन ड्राइव्हची विमानं आणि किहीमचा समुद्र, हॉलच्या एकाच भिंतीवर

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती, आता नव्या फ्लॅटचा ताबा मिळालाय. हॉलमध्ये सोफ्यामागे एक लांबच लांब कोरी भिंत आहे. मिस्टरांना विमानांचं भयंकर वेड. २०२४ च्या जानेवारीत मरीन ड्राइव्हवर एअर फोर्सचा एअर शो झाला तेव्हा ते कॅमेरा घेऊन आणि मी फोन घेऊन उन्हात उभे होतो, फोटो ढिगाने आहेत. माझं वेड समुद्राचं. जुहू, दादर चौपाटी, किहीम, गणपतीपुळे, जाईन तिथे लाटा काढते. आता मिस्टरांना त्या भिंतीवर पाच फुटी कॅनव्हासवर एकच फायटर प्लेन हवंय, मला समुद्र हवाय, मुलगी म्हणते दोन्ही लावलंत तर ट्रॅव्हल एजंटचं ऑफिस वाटेल. इंटिरिअरवाला म्हणतो फोटो धूसर आहेत, क्वालिटी नाही, तयार पोस्टर घ्या. सासूबाई म्हणतात काहीच लावू नका, नव्या भिंतीला भोकं पडतात आणि फ्रेममागे पाली होतात. आमचे फोटो खरंच लावण्यासारखे नाहीत का? — मुलुंडची वाचक"

मुलुंडच्या ताई, इंटिरिअरवाल्याला चहा द्या, बिस्किट द्या आणि पोस्टरचा विषय तिथेच संपवा. तयार पोस्टर वाईट असतं असं नाही, पण ते तुमच्या भिंतीवर जसं दिसेल तसंच पलीकडच्या विंगमध्येही दिसेल आणि त्या उन्हात उभं राहिलेलं तुमच्या घरातलं कोणी त्यात नसेल.

आता मिस्टरांशी थोडं बोलते, त्यांना हे वाचून दाखवा. दादा, विमानाचा क्लोजअप ही तुमची खासियत नाहीये. राग मानू नका, पण एअर फोर्सच्या नऊ विमानांच्या सूर्यकिरण चमूतल्या लाल-पांढऱ्या हॉक विमानांचे तुमच्यापेक्षा शार्प फोटो नेटवर पडलेत, मोठमोठ्या लेन्सवाल्यांनी धावपट्टीच्या शेजारी उभं राहून काढलेले, त्यांच्याशी कुठे स्पर्धा करता. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. १२ ते १४ जानेवारी असे तीन दिवस दुपारी बारा ते एक हा शो होता, सुखोई, सारंगची हेलिकॉप्टरं, आकाशगंगाचे पॅराशूटवाले सगळे येऊन गेले, आणि खाली काय होतं तर मरीन ड्राइव्ह. तो कठडा, कठड्यावर चढलेली पोरं, लाटा अडवणारे सिमेंटचे टेट्रापॉड, मागच्या त्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा ज्यांना २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, आणि एकाच दिशेला माना वर करून बघणारी मुंबई. असला फोटो विमानतळावर बसून कोणाला मिळणार?

म्हणून निवडताना नियम एकच ठेवा, ज्या फोटोत विमान लहान आणि जागा मोठी आहे तो आधी बाजूला काढा. विमान छोटं दिसतंय म्हणून लोक नेमके हेच फोटो डिलीट करतात. ताई, तुमच्या फोनमधले वाइड फोटो नीट बघा, मला वाटतं कामाचा माल मिस्टरांच्या कॅमेऱ्यात कमी आणि तुमच्या फोनमध्ये जास्त निघेल. नऊ ठिपके वर, मागे धुराच्या रेघा, खाली अर्ध्या फोटोत पाठमोरी डोकी, त्यातल्या कोणीतरी उन्हासाठी पेपर धरलाय डोक्यावर, कोणाच्या खांद्यावर पोर बसलंय आणि ते विमान सोडून भलतीकडेच बघतंय. असा एक जरी सापडला तर भिंतीचा मुख्य फोटो तोच.

धूसरपणाचं म्हणाल तर ते खरं आहे, इंटिरिअरवाला तेवढं बरोबर बोलला. जानेवारीत मुंबईच्या हवेत धुरकं असतंच, त्यात शो भर दुपारी. जानेवारीत आपल्याकडे सूर्य माथ्यावर येत नाही, दक्षिणेकडे कललेला असतो आणि पावणेएकच्या सुमाराला बरोबर दक्षिणेला असतो. मरीन ड्राइव्हवर दक्षिण म्हणजे नरिमन पॉइंटची बाजू. म्हणजे त्या बाजूला तोंड करून काढलेले सगळे फोटो उजेडाच्या विरुद्ध आहेत, विमान काळं आणि आकाश पांढुरकं, आणि मलबार हिलकडे तोंड करून काढलेल्यांत ऊन पाठीमागून आलंय म्हणून त्यात लाल रंग लाल दिसतोय. फोटोंचे आधी हे दोन ढीग करा. मलबार हिलवाले रंगीत ठेवा. नरिमन पॉइंटवाल्यांत रंग आणायचा आटापिटा करू नका, ते सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, आणि धुरकं जे दोष वाटत होतं ते मोकळं आकाश वाटायला लागेल. एडिटिंग अ‍ॅपमध्ये धुरकं घालवणारी ती डीहेझची पट्टी असते ती थोडीशीच सरकवा, पूर्ण ओढली की आकाशात दाणे आणि घाणेरडे पट्टे उठतात, फोनच्या छोट्या स्क्रीनवर कळत नाही आणि प्रिंट हातात आल्यावर शिव्या बसतात. आणि हो, मिस्टरांच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ असेल तर रिकाम्या आकाशात करडे ठिपके दिसतील, पूर्ण झूम करून एकेक पुसून घ्या, नाहीतर पाहुणे विचारतील हे दहावं विमान कुठलं.

आता पाच फुटी कॅनव्हास. इथे सरळ गणित करू. समजा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. पाच फूट म्हणजे ६० इंच. अख्खा फोटो न कापता छापला तर इंचाला १०० पिक्सेल मिळतात, सोफ्यामागच्या भिंतीला लांबून बघायचं असतं त्यामुळे चालून जातं. पण दादांना अख्खा फोटो नकोय, त्यांना विमान हवंय, आणि विमान त्या फोटोत असेल जेमतेम हजार पिक्सेलचं. ते कापून ६० इंचावर ताणलं तर इंचाला सोळा-सतरा पिक्सेल राहतात, म्हणजे सुखोई आहे की समोसा ते सांगावं लागेल. जवळून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० असले की उत्तम, भिंतीवरच्याला १५० पुरतात. साधा १२ मेगापिक्सेलचा फोनचा फोटो ४०३२ बाय ३०२४ असतो, तो न कापता इंचाला १५० पिक्सेल धरून २७ इंचापर्यंत जातो, ही काही लहान साइज नाही. फोनच्या दहापट झूमने काढलेले जे आहेत, ज्यात कडा ऑइल पेंटसारख्या फासलेल्या दिसतात, ते पोस्टकार्डाएवढ्या साइजच्या वर नेऊच नका. आणि कृपा करून फॅमिली ग्रुपवरून परत डाउनलोड केलेले फोटो छापायला देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप त्यांची पार चटणी करतं, मूळ फाइल शोधा आणि लॅबवाल्याला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तरी दादांना मोठंच हवं असेल तर कॅनव्हास समुद्राला द्या. कॅनव्हासला विणीचं टेक्स्चर असतं, लाट, फेस, ओली वाळू त्यावर छान बसतात, पण विमानाच्या पंखाची धार ते टेक्स्चर खाऊन टाकतं. विमानाला मॅट पेपर चांगला, किंवा लग्नाच्या अल्बमवाले वापरतात तो मेटॅलिक पेपर, पत्र्याची चकाकी त्यावर खरंच उठून येते.

समुद्राच्या फोटोंबद्दल माझा एकच हट्ट आहे. आपला समुद्र निळा करू नका. दादर चौपाटीचं पाणी करडं आहे, पावसाळ्यात चहाच्या रंगाचं होतं, संध्याकाळी चंदेरी होतं आणि ते तसंच सुंदर आहे. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, ओढून जुहूचं मालदीव केलं की फोटो खोटा वाटतो आणि का खोटा वाटतो ते बघणाऱ्याला सांगता पण येत नाही. किहीमला ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूत आकाश दिसतं ना, तसले फोटो शोधा. आणि क्षितिज आधी सरळ करा, फोनमध्ये दहा सेकंदाचं काम आहे, तिरका समुद्र रोज समोर असला की बघणाऱ्याला सारखं काहीतरी खटकत राहतं.

मुलीचा मुद्दा मात्र मला पटला. विमान, लाट, विमान, लाट असं लावलंत तर खरोखरच ट्रॅव्हल एजंट. पण तुमच्या दोन्ही विषयांत एक गोष्ट सारखी आहे, दोन्हीकडे अर्ध्याहून जास्त फोटो रिकामा आहे. तिथे आकाश, इथे पाणी. ह्याच्यावरच भिंत उभी करायची. क्षितिजाची रेघ सगळ्या फोटोंत एका पातळीत येईल असे क्रॉप करा आणि शेजारी शेजारी लावा. समजा मधे गर्दी आणि नऊ ठिपक्यांचा फोटो, त्याच्या डावीकडे ओहोटीचा किहीम, उजवीकडे दादरचं करडं पाणी, तिन्हींत समुद्राची रेघ एकाच उंचीवर. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की एकच किनारा तीन खिडक्यांतून दिसतोय. रंग ओरडत असतील तर तिन्ही ब्लॅक अँड व्हाइट, नाहीतर तिन्हींवर एकसारखी थोडी पिवळसर झाक. तीनच. फार तर चार. अकरा फ्रेमांची गॅलरी वॉल फोटोत छान दिसते, पण घरात धूळ पुसायला तुम्हीच असणार आहात.

मरीन ड्राइव्हचा तो अख्खा वळसा तुम्ही पॅनोरामामध्ये काढला असेल तर त्याचं वेगळं काम होऊ शकतं. लग्नाचे अल्बम छापणाऱ्या लॅबमध्ये १२ बाय ३६ इंचाचा शीट सर्रास छापतात, उघडलेल्या अल्बमचं पान असतं तेच. एकास तीन असा लांबुळका आकार सोफ्यावर मस्त बसतो. फक्त पॅनोरामात विमान असेल तर नीट बघा, फोन फोटो जोडताना उडतं विमान मधेच कापतो किंवा दोनदा छापतो.

आता इंटिरिअरवाल्याने ज्यांना अगदीच टाकाऊ म्हटलं असेल ते फोटो, म्हणजे पांढरट आकाशात काळी आकृती आणि बाकी काही नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडे एक जुनी आणि फार गोड युक्ती आहे. सायनोटाइप. १८४२ मध्ये जॉन हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधलेली पद्धत आहे, आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स नावाच्या बाईने ती समुद्रातल्या शेवाळाची चित्रं छापायला वापरली, म्हणजे समुद्राशी तिचं नातं जुनंच. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड अशी दोन द्रावणं मिसळून कागदाला फासायची, हातमोजे घालून, मंद पिवळ्या दिव्यात, आणि स्वयंपाकाची भांडी चुकूनही वापरायची नाहीत. कागद अंधारात वाळवायचा, त्यावर फोटोची ट्रान्स्परन्सी, म्हणजे पारदर्शक शीटवरची प्रिंट, ठेवायची, वरून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं. जिथे ऊन लागतं तिथे गडद निळा, जिथे नाही तिथे कागदाचा पांढरा. मग साध्या पाण्यात धुवायचं, साबण नाही, साबणाने निळा रंग उडतो.

एरवी ह्याला निगेटिव्ह, म्हणजे काळं-पांढरं उलट केलेला फोटो, लागते. पण तुमच्या फोटोत विमान काळं आणि आकाश पांढरं आहे, म्हणून उलटं करायचंच नाही. फोटो आहे तसाच झेरॉक्सवाल्याकडून ओएचपी शीटवर छापून घ्या. काळं विमान ऊन अडवतं, आकाशातून ऊन आरपार जातं, आणि पाण्यातून कागद बाहेर निघतो तेव्हा गडद निळ्या आकाशात पांढरंशुभ्र विमान! लेझर प्रिंटचा काळा जरा फिका असतो म्हणून दोन शीट एकावर एक तंतोतंत ठेवा, नाहीतर विमान आकाशी येतं. किती वेळ उन्हात ठेवायचं ते कागद आणि ऊन बघून ठरतं, आधी एका पट्टीवर तीन, सहा, नऊ मिनिटं असे टप्पे झाकत झाकत करून बघा. पावसाळ्यात नादाला लागू नका. समुद्राच्या लाटा अशा छापायच्या असतील तर मात्र निगेटिव्ह करावी लागते. मुलीला हे काम द्या, कॉलेजात असेल तर ती तुमचा विषय विसरून स्वतःचेच फोटो छापत बसेल, पण असो.

छापायला देण्याआधी एक काम कराच, प्रत्येक फोटोची चार बाय सहाची छोटी प्रिंट काढा. फोनची स्क्रीन आतून उजळलेली असते, कागद नसतो, त्यामुळे प्रिंट नेहमी आपल्याला वाटलेल्यापेक्षा काळपट येते. छोट्या प्रिंटवर हे कळतं, मोठ्यावर कळलं की पैसे गेलेले असतात. काटकसर प्रिंटच्या साइजवर करा, माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमवर करू नका. आठ बाय बाराचा फोटो रुंद पांढऱ्या माउंटमध्ये बसवला तर जो रुबाब येतो तो सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या बोर्डवर, डकवलेल्या तीन फुटी फोटोला येत नाही. माउंट मुंबईत नुसता शोभेचा नसतो, फोटो आणि काच यांच्यात फट ठेवतो. ती नसेल तर पावसाळ्यात दमट हवेने फोटो काचेला चिकटतो आणि मग सोडवताना वरचा थर काचेवरच राहतो. फ्रेमवाल्याला सांगून मागची बाजू पण टेपने पूर्ण बंद करून घ्या, कसर आत शिरत नाही.

सासूबाईंच्या पालींबद्दल हसू नका, त्या अनुभवी आहेत. भिंतीला टेकलेल्या फ्रेममागे अंधार आणि ऊब असते, पाल तिथे संसारच थाटते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे जाड पॅड लावले की फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, हवा खेळते, ओल धरत नाही, आणि पाल आलीच तर निदान बाजूने दिसते तरी. ती लांब भिंत बाहेरच्या बाजूची असेल, म्हणजे पलीकडे पाऊस लागत असेल, तर एक पावसाळा जाऊ द्या आणि पोपडे येतात का ते बघा, मगच चांगलं काही लावा. तोवर रद्दीचे पेपर फ्रेमच्या साइजचे कापून मास्किंग टेपने भिंतीवर लावून ठेवा, येताजाता बघा, साइज आणि उंची चुकत असेल तर आठवड्यात कळतं. साधारण सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश एवढी सगळ्यांची मिळून रुंदी आणि सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर, एवढं धरून चला. आणि दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट पडत असेल तिथे काहीच नको, मेटॅलिक असो की सायनोटाइप, सगळंच उडतं.

भोकांचं. नव्या बिल्डिंगांत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात आणि वर जिप्समचा प्लास्टर. त्यात साधा खिळा ठोकला तर आज बसतो आणि महिन्याने फ्रेमसकट खाली येतो, त्याला ब्लॉकसाठीचे लांब प्लग मिळतात तेच मागा. चिकटपट्टीवाले हुक जड फ्रेमला नको, नव्या रंगाचा पापुद्राच घेऊन खाली येतात. पण तुमच्या घरात इतकी मतं आहेत की मी खिळे सोडून एक लांब लाकडी पट्टीच लावली असती, चार इंच खोलीची, पुढे बोटभर उंच कड असलेली. सुतार अर्ध्या दिवसात बसवतो, भोकं मोजकी पडतात म्हणजे सासूबाई खूश, फ्रेमा त्यावर नुसत्या टेकवून ठेवायच्या, कंटाळा आला की दादा विमान पुढे आणतील आणि तुम्ही समुद्र. खाली लोक बसणार आहेत म्हणून काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घाला. आणि ड्रिल लावण्याआधी बघा त्या भिंतीवर स्विचबोर्ड कुठे आहे, त्याच्या सरळ वर आणि सरळ खाली प्लास्टरच्या आत वायरी गेलेल्या असतात, सुताराला तेवढा पट्टा खडूने आखून द्या.